बंदी आहेच की हो
काही जण म्हणतात, गाडी चालवताना मोबाईलवर बंदी आणा, पण बंदी आहेच की हो, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली त्यात कलम १८४ मधे हातात फोन धरून गाडी चालवणं गुन्हा असं स्पष्ट लिहिलंय, पहिल्या वेळेला १००० ते ५००० दंड नाहीतर जेल पण. २०२० च्या नियमात फक्त मॅपवर रस्ता बघायला फोन वापरायची सूट दिली, ती पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं.

आता जरा आपल्या सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात उभं राहून बघा. मान वाकडी करून फोन खांद्यात दाबलेला, मागं बायको, पुढं टाकीवर पोरगं. पोलीस दिसला की फोन खिशात, चौक ओलांडला की परत कानाला!

साधं गणित आहे, ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण १६-१७ मीटर जाते, म्हणजे मेसेज वाचायला ३ सेकंद खाली बघितलं तर ५० मीटर आंधळं चालवलं, आणि आपल्या होटगी रोडला तेवढ्यात एखादी म्हैस आरामात आडवी येते.

ब्लूटूथवाल्यांनी पण लगेच खूश होऊ नका, हात मोकळे असले तरी डोकं बोलण्यातच असतं. मी स्वतः मागच्या वर्षी आसरा चौकात साहेबांचा फोन हेडफोनवर घेऊन सरळ लाल सिग्नल तोडला, समोरचा रिक्षावाला जे काय बोलला ते इथं लिहिता येत नाही. तेव्हापासून फोन डिकीत. घरच्यांना सांगून ठेवलंय, उचलला नाही तर गाडीवर असेन, पोचलो की करतो.