मदत हवी आहे: जेलीफिनवर मराठी सबटायटल लावलं की टीव्हीवर व्हिडिओ अडकतो

तारांगण_४४० · शनिवार, रात्री १०:४२
जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन (घरचा व्हिडिओ सर्व्हर) टाकलं आहे, टीव्हीवरच्या अ‍ॅपमधून पाहतो. सबटायटल बंद असलं की काहीच अडचण नाही. मराठी सबटायटल लावलं की गोल चक्र फिरत राहतं, मग दोन सेकंद चालतं, पुन्हा अडकतं. कधीकधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येऊन राहिले. कॅशे साफ केली, सर्व्हर दोनदा नव्याने टाकला, फरक नाही. उद्या दुपारी घरचे सगळे पाहायला बसणार आहेत. कोणती सेटिंग बदलायची तेवढं सांगा.

बर्डी_केबल · १०:५०
भाऊ, वायफाय सोडा. बर्डीतून (सीताबर्डीच्या बाजारातून) कॅट ६ ची तयार नेटवर्क केबल आणा, टीव्हीच्या मागे खोचा, विषय संपला. नव्वद टक्के अडकणं हे वायफायचंच असतं.

टर्मिनल_ताई · १०:५८
केबल आणण्याआधी थांबा. सबटायटल बंद असताना तीच फाइल त्याच वायफायवर नीट चालते, म्हणजे नेटवर्कचा दोष नाही. शिवाय बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यापेक्षा जास्त वेग देऊ शकतं.

@तारांगण_४४०, हे सांगा: प्रोसेसर कोणता? व्हिडिओ कोणत्या कोडेकमध्ये (आवळण्याच्या पद्धतीत) आहे? सबटायटल एसआरटी (नुसता मजकूर) आहे की एएसएस (जागा, रंग, फॉन्टसकट)? फाइलच्या आत आहे की बाहेर वेगळं? डिस्क कशी जोडली आहे? ऑपरेटिंग सिस्टिम कोणती?

तारांगण_४४० · ११:०३
पीसी चांगला आहे, आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम. फाइल एमकेव्ही आहे. लिनक्स आहे. सबटायटल मीच तयार केलेलं आहे, त्यामुळे त्यात चूक नाही.

आर्च_वर्धा_रोड · ११:०९
कोणतं लिनक्स? जुनी कर्नल (सिस्टिमचा गाभा) असेल तर ग्राफिक्सचे ड्रायव्हरही जुनेच. आर्च लिनक्स टाका, कायम ताजं राहतं.

टर्मिनल_ताई · ११:१४
उद्या दुपारी घरचे बसणार आहेत आणि तुम्ही त्यांना आज रात्री नवी सिस्टिम टाकायला सांगताय, दादा. कर्नलचा इथे काही संबंध नाही.

@तारांगण_४४०, "आय-फाइव्ह" एवढ्याने काही कळत नाही. चौथ्या पिढीचा आणि आठव्या पिढीचा आय-फाइव्ह यांत या कामापुरता जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि एमकेव्ही हा नुसता डबा. आत काय आहे ते एफएफप्रोब हा फाइल तपासणारा प्रोग्राम चालवून पाहा, किंवा जेलीफिनमध्ये त्या व्हिडिओच्या तीन ठिपक्यांत 'मीडिया माहिती' उघडा.

तारांगण_४४० · ११:२६
आय-फाइव्ह ४५७०. डेबियन १२, डेस्कटॉप नाही, फक्त सर्व्हर. व्हिडिओ एचईव्हीसी मेन १०, काही १०८०पी, काही ४के. खगोलशास्त्रावरचे माहितीपट आहेत. आई-बाबांसाठी एजीसबमध्ये मराठी सबटायटल लिहितो आणि एमकेव्हीटूलनिक्सने फाइलमध्येच घालतो. एएसएस. ४के फाइल साधारण १२ जीबीच्या. डिस्क यूएसबीची आहे.

टर्मिनल_ताई · ११:४१
आता कळलं. इथे दोन वेगवेगळे दोष एकमेकांत अडकले आहेत, म्हणून एक सेटिंग बदलून काही होत नव्हतं.

पहिला. सबटायटल बंद असताना टीव्ही स्वतःच एचईव्हीसी उलगडतो, सर्व्हर फक्त फाइल पुढे ढकलतो. एएसएस हा प्रकार टीव्हीच्या अ‍ॅपला झेपत नाही, म्हणून सर्व्हर अक्षरं चित्रावर छापतो, आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ उलगडून पुन्हा एनकोड करावा लागतो. तुमचा ४५७० चौथ्या पिढीचा, आणि त्या पिढीच्या इंटेलमध्ये एचईव्हीसीसाठी हार्डवेअरच नाही. सहाव्या पिढीत ८ बिट आलं, १० बिट, म्हणजे तुमचं मेन १०, सातव्यापासून. म्हणजे तुमच्याकडे सगळा भार चार कोअरवर. १०८०पी कसंबसं निघेल, ४के निघणार नाही. एचडीआर असेल तर टोन मॅपिंगचा (रंग-उजेड साध्या चित्रात बसवण्याचा) भार वेगळा. खात्री करायची असेल तर व्हिडिओ चालू असताना डॅशबोर्डवर त्या सत्राच्या 'आय' चिन्हावर दाबा, ट्रान्सकोडिंगचं (या उलगडून पुन्हा एनकोड करण्याचं) कारण तिथे लिहिलेलं असतं.

दुसरा. सबटायटल फाइलच्या आत असेल तर ते बाहेर काढायला एफएफएमपेग या प्रोग्रामला अख्खी फाइल वाचावी लागते, कारण त्याच्या ओळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत विखुरलेल्या असतात. डिस्क काळ्या यूएसबी २ पोर्टमध्ये असेल तर सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात. १२ जीबी वाचायला सहा-सात मिनिटं. टीव्हीचं अ‍ॅप तेवढा वेळ वाट पाहत नाही. एकदा काढलेलं सबटायटल साठवून ठेवलं जातं, म्हणून तीच फाइल दुसऱ्यांदा लावल्यावर चक्र कमी फिरत असेल. असं होतं का?

तारांगण_४४० · ११:४६
हो! दुसऱ्यांदा चक्र कमी फिरतं. मला वाटलं कॅशे साफ केल्याने झालं. डिस्क मागच्या काळ्या पोर्टात आहे.

फ्रेमरेट · ११:५२
ग्राफिक्स कार्ड घाला ना सरळ. जीटी १०३० जुन्या बाजारात मिळतं, ३० वॉट खातं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, एचईव्हीसी १० बिट उलगडतं.

टर्मिनल_ताई · ११:५७
उलगडतं, पण त्यात एनव्हेंक, म्हणजे एनव्हिडियाचा हार्डवेअर एनकोडर, नाही. छापलेलं चित्र परत एनकोड करायचं काम पुन्हा सीपीयूवरच. जीटीएक्स १०५० किंवा १६५० मध्ये एनकोडर आहे, पण ऑफिसातून निघालेलं छोटं कॅबिनेट असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच बसेल, आणि आतला पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे ते पाहूनच घ्यावं. एका सबटायटलसाठी हा खर्च नको.

पाय_वाला · रविवार, सकाळी ७:१०
सर्व्हरवरचा भार कमी करण्यापेक्षा टीव्हीचं अ‍ॅपच सोडा. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ या छोट्या संगणकावर लिब्रीइलेक ही सिस्टिम टाका, त्यात कोडी (व्हिडिओ प्लेअर) आणि कोडीसाठीचं जेलीफिन अ‍ॅडऑन. कोडी स्वतः एएसएस रंगवतो, सर्व्हरला काहीच करावं लागत नाही. कोडी २० पासून सगळीच अक्षररूप सबटायटल एएसएस रंगवणाऱ्या लिबअ‍ॅसमधून जातात. पाय ४ मध्ये ४के एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये उलगडतं. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टरच घ्या, फोनचा चार्जर लावला की यूएसबीला जोडलेल्या डिस्क पडतात.

फ्रेमरेट · ७:२५
पाय ५ मध्ये जुन्या एच.२६४ कोडेकचं हार्डवेअर नाही हेही सांगा.

पाय_वाला · ७:३१
नाही, पण त्याचा सीपीयू १०८०पी एच.२६४ आरामात उलगडतो. ४के मध्ये एच.२६४ क्वचितच असतं.

टर्मिनल_ताई · ७:४०
पाय चांगलाच आहे, पण आज दुपारपर्यंत येणार नाही. आज काय करता येईल ते क्रमाने सांगते.

डिस्क निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये घाला. पोर्टेबल हार्ड डिस्क १०० एमबीच्या आसपास देते, सात मिनिटांचं काम दोन मिनिटांवर येतं. एफस्टॅब या डिस्कांच्या यादीच्या फाइलमध्ये डिस्कची नोंद यूयूआयडीने (कायमच्या ओळख क्रमांकाने) केलेली असेल तर पोर्ट बदलल्याने काही बिघडत नाही. एसडीबी१ अशा नावाने केली असेल तर आताच यूयूआयडी घाला आणि सोबत 'नोफेल' लिहा, नाहीतर डिस्क नसताना मशीन बूटलाच थांबेल.

एजीसबमधून एसआरटी निर्यात करा, एनकोडिंग यूटीएफ-८. ही फाइल एमकेव्हीत घालू नका. व्हिडिओशेजारी त्याच नावाने ठेवा आणि नावाच्या शेवटी टिंब, एमआर, टिंब, एसआरटी. 'एमआर' हा मराठीचा कोड. तो लिहिला नाही तर यादीत भाषा अनोळखी दिसते. बाहेरची एसआरटी म्हणजे आतून काढणंही नको आणि छापणंही नको.

आतल्या एएसएसवर 'डिफॉल्ट'ची खूण असेल तर जेलीफिन तेच उचलेल. ती खूण एमकेव्हीटूलनिक्समधल्या एमकेव्हीप्रॉपएडिटने काढा. तो फक्त हेडर बदलतो, १२ जीबीची फाइल पुन्हा लिहीत नाही, काही सेकंदांत होतं.

शेवटी जेलीफिनच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये सबटायटल या भागात 'बर्न' (चित्रावर छापणे) चा पर्याय 'ऑटो' वरून 'फक्त चित्ररूप सबटायटल' वर न्या.

एक किंमत मोजावी लागेल: एसआरटीत जागा, रंग, फॉन्ट राहत नाहीत. ताऱ्याशेजारी त्याचं नाव नेमकं बसवलं असेल तर ते खालच्या ओळीत येईल.

तारांगण_४४० · ७:५२
जागा सोडवत नाही. नक्षत्रांची नावं मी आकृतीवर नेमकी बसवली आहेत. पण आजच्यापुरतं चालेल. चौकोनांचं काय?

अक्षरवेल · ८:०५
चौकोन म्हणजे सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नाही. डेस्कटॉपशिवाय टाकलेल्या डेबियनमध्ये तो नसतो. चित्रावर छापताना सर्व्हरचाच फॉन्ट लागतो, टीव्हीचा नाही. 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज टाका किंवा नोटो हवा असेल तर 'फॉन्ट्स-नोटो-कोअर'. मग फॉन्टची यादी ताजी करायला एफसी-कॅशे चालवा, आणि एफसी-लिस्टला भाषा 'एमआर' देऊन यादी रिकामी नाही ना ते पाहा. ब्राउझरमध्ये पाहत असाल तर डॅशबोर्डच्या प्लेबॅकमध्ये फॉलबॅक (पर्यायी) फॉन्टचं फोल्डर द्या, त्यात नोटो सान्स देवनागरीची एकच फाइल पुरे. त्या फोल्डरला २० एमबीची मर्यादा आहे, सगळं नोटो कुटुंब तिथे ओतू नका.

बर्डी_केबल · ८:३०
पीसी कुठे ठेवला आहे? टीव्हीखालच्या बंद कपाटात असेल तर मे महिन्यात नागपुरात ट्रान्सकोडिंग करायचंच नाही. खोली ४० ला असली की ८४ वॉटचा प्रोसेसर सरळ १०० अंशांपर्यंत जातो आणि स्वतःचा वेग उतरवतो. कूलरसमोर ठेवा.

गोरेवाडा_ग्रीन · ८:३८
कूलरसमोर काहून? ओली हवा बोर्डावर गेली की गंज धरतो.

बर्डी_केबल · ८:४४
चालू बोर्ड हवेपेक्षा गरम असतो, त्यावर दव धरत नाही.

गोरेवाडा_ग्रीन · ८:५३
दव नाही, पण थेंब? पॅडमधून पाण्याचे बारीक कण पंख्यासोबत उडतात. बोअरचं पाणी जड आहे, ते वाळलं की पांढरा थर राहतो आणि तो पॉवर सप्लायमध्ये जाऊन बसतो. कूलरच्या झोतापासून बाजूला, जाळीच्या फडताळात ठेवा आणि खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवा. कपाटातच ठेवायचा असेल तर मागची फळी काढा.

फ्रेमरेट · ९:०२
आणि एलएम-सेन्सर्स टाकून प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा बघा. भार नसताना ६० च्या वर असेल तर थर्मल पेस्ट वाळली आहे. हीटसिंकला चार पिना असतील तर बाणाच्या दिशेने फिरवून सोडा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट. बसवताना समोरासमोरच्या तिरक्या पिना आधी दाबा, नाहीतर एक कोपरा उचललेला राहतो.

जुनी_नाटकं · ९:२०
इथेच विचारतो. घरी मराठी नाटकांच्या व्हीसीडी आहेत. त्या जेलीफिनवर ४के करून टाकता येतील का?

फ्रेमरेट · ९:२९
काका, व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ चं असतं, त्यातून ४के निघत नाही. सीडीवरची डीएटी फाइल जशीच्या तशी कॉपी करा, एफएफएमपेगने पुन्हा एनकोड न करता एमपीजीत घाला. आधी एकदा कॉपी करून घ्या, जुन्या सीडी दर वर्षी आणखी खराब होतात. डीव्हीडी असतील तर त्यात इंटरलेसिंग असतं, हालचालीच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. हँडब्रेक या प्रोग्राममध्ये डीइंटरलेसला बीडब्ल्यूडीआयएफ निवडा, गुणवत्तेचा आकडा आरएफ १८ ते २०. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, हा धागा भरकटतोय.

आर्च_वर्धा_रोड · ९:४०
पीसी एवढा चालतोच आहे तर त्यावर रेट्रोआर्चही टाका. १६ बिटच्या जुन्या गेमसाठी ४५७० भरपूर आहे.

तारांगण_४४० · दुपारी १२:३५
डिस्क निळ्या पोर्टात घातली, फॉन्ट टाकला, एसआरटी बाहेर ठेवली, डिफॉल्टची खूण काढली. ४के फाइल लगेच सुरू होऊन राहिली आणि डॅशबोर्डवर 'डायरेक्ट प्ले' दिसतंय, म्हणजे फाइल जशीच्या तशी जातेय. सीपीयू ४ टक्क्यांवर. फळीही काढली.

पण एक नवंच झालं. एसआरटीत "दुसर्‍या ग्रहावर" च्या जागी "दुसर्या ग्रहावर" दिसतंय. सगळीकडे नाही, काही ओळींतच. फॉन्टचा दोष आहे का?

अक्षरवेल · १२:४८
फॉन्ट निर्दोष आहे, अक्षरच हरवलंय. "ऱ्या" दोन पद्धतींनी लिहिला जातो. एकात र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. दुसऱ्यात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, जोडक लागतच नाही. तुमच्या काही ओळी पहिल्या पद्धतीच्या आहेत, बहुधा दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलेल्या किंवा कुठून चिकटवलेल्या. अदृश्य कंट्रोल अक्षरं काढून टाकणारा पर्याय कुठेतरी चालू होता, त्याने जोडक पुसला. जोडक गेला की र वर चढतो, त्याचा रफार होतो.

मूळ एएसएसमध्ये जोडक अजून असेल. तिथेच शोधा-बदला करा: र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. मग पुन्हा एसआरटी काढा. आता बिघडलेल्या एसआरटीत थेट "र्या" चं "ऱ्या" करू नका. "मर्यादा", "पर्याय", "सूर्यास्त" मधला रफार बरोबर आहे, तोही बदलेल, आणि खगोलशास्त्रात सूर्य दर दुसऱ्या वाक्यात येतो.

तारांगण_४४० · १:२०
मूळ फाइलमध्ये ८७ ठिकाणी सापडलं, सगळं बदललं, "सूर्यास्त" शाबूत आहे. सगळे बसले आहेत, सुरू करतो. नक्षत्रांच्या नावांसाठी पाय ४ बघतो. @पाय_वाला, २ जीबी पुरेल का?

पाय_वाला · १:३४
नुसत्या कोडीसाठी पुरेल. हीटसिंक मात्र घ्याच, आणि एचडीएमआयची केबल मायक्रो टोकाची लागते, ती सोबत मागवा. अ‍ॅडऑनमध्ये 'नेटिव्ह पाथ' न निवडता 'अ‍ॅडऑन मोड' ठेवा, नाहीतर डिस्क नेटवर्कवर वेगळी सांबाने शेअर करावी लागेल.