मदत हवी आहे : जिप्सी किंगला उंची द्यावी की नुसते टायर बदलावेत?

नमस्कार मंडळी,

बाबांची २००२ ची मारुती जिप्सी किंग माझ्याकडे आहे. हार्ड टॉप, १२९८ सीसीचं एमपीएफआय इंजिन. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. गाडी विकायचा विषय घरात एकदाच निघाला आणि आईने तो तिथेच मिटवला. इंजिन, गिअरबॉक्स, फोर व्हील सगळं ठणठणीत आहे. अडलंय ते पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि टायरपाशी.

आमचं शेत वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या बाजूला. पुण्याहून पाबे घाटाने जातो. डांबरी संपली की शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता, तांबडी माती, मधूनमधून उघडा पडलेला कातळ आणि एक ओढा. ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन्हीकडच्या चाकोऱ्या खोल गेल्यात आणि मधला वरंबा तसाच राहिलाय. गेल्या श्रावणात आई मागे बसलेली असताना तिथे पुढच्या डिफरन्शियलचा गोळा (दोन चाकांमधल्या एक्सलवरची गिअरची पेटी) दगडावर घासला. घरी आल्यावर खाली शिरून पाहिलं, तर गोळ्याच्या पोटावर वीतभर लांब चरा. नख अडकतं इतका खोल. तेल गळत नाही, पण तो आवाज माझ्या मनातून जात नाही.

टायर मूळ मापाचे, २०५/७० आर १५, हायवेचे. चिखलात नक्षी भरली की चाक नुसतं जागेवर फिरतं.

गॅरेजवाल्याचा सल्ला असा की पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवू, गाडी सरळ पाच इंच उठेल, मग ३१ इंची टायर घाला. दुसरा म्हणतो, लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) टाका, एका दुपारचं काम. तिसरा मार्ग दोन इंच जास्त कमानीचे नवे पाटे घेण्याचा.

मला जेवढं समजतंय ते असं. पाटे कितीही उंच केले तरी उठते ती बॉडी आणि चेसिस. गोळा एक्सलवरच असतो, तो वर येतो फक्त टायर मोठा झाला तर, आणि तोही व्यासातल्या फरकाच्या निम्माच. मूळ टायरचा व्यास ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ चा ७०३, म्हणजे गोळा साधारण १८ मिमी वर. २३५/७५ चा ७३३, म्हणजे ३३ मिमी. माझी अडचण गोळ्याचीच असेल तर पाच इंच उंचीचा उपयोग काय?

आणखी एक. आई ६८ वर्षांची आहे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आत्ताच ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चढते. गाडी उंच झाली आणि तिला चढता येईना, तर हा सगळा खटाटोप कशासाठी?

तर सांगा :
१) पाट्यांना हात न लावता २३५ चे टायर बसतील का?
२) दोन इंच उठवलं तर शाफ्ट (एक्सलला जोर पोचवणारा फिरता दांडा) आणि स्टिअरिंगला काय त्रास होतो?
३) चिखल, कातळ आणि महिन्यातून चार वेळा डांबरी, याला एटी (ऑल टेरेन, सगळ्या रस्त्यांचे) घ्यावेत की एमटी (मड टेरेन, खास चिखलाचे)?

---

पाटेवाला (कोल्हापूर)

दादा, तुमचं गणित बरोबर आहे. पाच इंचांचा विचार सोडा. पाटे वर नेले की पुढच्या शाफ्टचा कोन इतका वाढतो की क्रॉस (शाफ्टचे सांधे) वारंवार निकामी होतात, ब्रेकचे होज अपुरे पडतात, शॉकअप लांब लागतात, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होऊन स्टिअरिंगचं चाक वाकडं बसतं. ज्यांना दगडांवर चढण्याचाच खेळ करायचा त्यांनी ते सगळं नीट करावं. आईंना घेऊन घाटातून जायच्या गाडीला ते नको.

लांब शॅकल तर पुढे मुळीच लावू नका. इंचभर उंचीसाठी शॅकल दोन इंच लांब करावा लागतो. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांबला की एक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, गाडी सरळ धरत नाही. पाबे घाटाच्या उतारावर हे नको. पाचर मारून कॅस्टर परत आणता येतो, पण मग पिनियन (गोळ्यातला, शाफ्टला जोडलेला गिअर) खाली झुकतो आणि शाफ्टचा कोन आणखी बिघडतो.

टायर २१५/७५ घ्या, एटीच घ्या. २३५ ला किमान सहा इंची रिम लागते, तुमची मूळची साडेपाच इंची आहे. शिवाय पूर्ण वळवल्यावर किंवा पाटा दबल्यावर घासायची शक्यता. आपल्याकडच्या चिखलाखाली हातभर गेलं की मुरूम किंवा कातळ लागतो, अशा जागी अरुंद टायर चिखल कापून तळाला पोचतो. रुंद टायर वरच तरंगतो. एमटी ओल्या डांबरीवर घसरतो आणि वेगात घोंघावतो. २१५ ने गिअरिंग पाच टक्के उंच होईल, काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६३ वर असाल. चढाला लो रेंज (फोर व्हीलचा हळू पण ताकदीचा गिअर) आहेच. २३५ ला हाच फरक दहा टक्क्यांच्या घरात जातो, छोट्या इंजिनाला तो जाणवतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. तुमची २००२ ची, म्हणजे २०२७ ला पुन्हा पासिंग.

पण आधी एक काम करा. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. वीस वर्षांचे पाटे बसलेले असणारच. आणि रस्त्यावरचा वरंबा टिकाव-फावड्याने काढून घेता येत असेल तर तेही करा, पाट्यांपेक्षा स्वस्त पडेल.

---

मूळ लेखक

दादा, मनापासून आभार. आज टेप लावला. पुढे दोन्ही बाजू सारख्या. मागे डावीपेक्षा उजवी बाजू ३४ मिमी खाली आहे. खाली वाकून पाहिलं तर उजव्या पाट्याची कमान जवळजवळ सपाट झालीये, त्यातल्याच दुसऱ्या पट्टीला टोकाजवळ केसाएवढी चीर दिसते आणि शॅकलचं रबरी बुश एका बाजूने झिजलंय. बाबा नेहमी उजवीकडून खताची पोती चढवायचे, ते आठवलं.

म्हणजे मागचे दोन्ही पाटे मूळ उंचीचे नवे, बुश, यू बोल्ट आणि २१५/७५ चे एटी, असं ठरवतोय. पायरी लावून घेणार आहे, आईला विचारून तिच्या पायाच्या मापाने. वरंब्यासाठी शेजारच्या शेतकऱ्याशी बोललोय, पेरणीआधी दोघं मिळून काढू.

एकच विचारायचं राहिलं. पुढचे पाटे जुने आणि मागचे नवे असं चालेल ना, की पुढचेही आत्ताच बदलून घेऊ?