जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर लिहिताना मेलेल्यांना जागा किती?

स्वाती_एरंडवणे
पुण्यातल्या १९७६-७७ च्या या खून मालिकेवरच्या परवाच्या त्या लांबलचक पोस्टवर कमेंट लिहायला घेतली, ती वाढत गेली म्हणून वेगळा धागा. चौघा मारेकऱ्यांचा म्होरक्या जक्कल कसा बोलायचा, गँगमध्ये त्याचा वट कसा होता, सगळं रंगवून रंगवून लिहिलंय आणि काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण, तर 'एक वृद्ध गृहस्थ'! अहो, संस्कृत व्याकरणाचा अख्खा कोश केलेला माणूस तो. १ डिसेंबर १९७६ ला भांडारकर रोडच्या त्या बंगल्यात पाच जण मारले, त्यातल्या साकूबाई तुमच्या पोस्टमध्ये नुसत्या 'मोलकरीण'. नातीवर मात्र दोन परिच्छेद, मरण्याआधी तिचे काय हाल केले त्याचे. कोणासाठी लिहिलंत ते?

निखिल_जे
पोस्ट माझीच आहे. चौघं टिळक रोडवरच्या आर्ट कॉलेजची पोरं होती, उपाशी मरत नव्हती, मग ती तिथवर पोचली कशी हे मारणाऱ्यांकडे न बघता कसं कळणार? जानेवारी ७६ मध्ये प्रकाश हेगडेकडून आधी घर सोडून जातोय अशी चिठ्ठी लिहून घेतली, मग मारून पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकला. बापाच्या हातात मुलाच्याच अक्षरातली चिठ्ठी. हा डावपेच सांगितला नाही तर मार्च ७७ पर्यंत हे लपलं कसं ते समजणारच नाही.

स्वाती_एरंडवणे
चिठ्ठीबद्दल मी बोललेच नाही. नातीबद्दल बोला.

पेठकर६२
त्या थंडीत आमच्याकडे सातच्या आत सगळे घरात, दूधवाल्यालासुद्धा आई आधी खिडकीतून नाव विचारायची. निदान त्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी तरी झाली. राठी कुटुंबाचं काय? १९९४, पौड रोड, सात जीव, त्यात लहान मुलं आणि एक गरोदर बाई. त्यातला एक आरोपी २०२३ मध्ये सुटून घरी. यावर लिहा की कोणीतरी!

अॅड_मृणाल
सुटला कारण शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा ठरला. कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षं, त्याने अठ्ठावीस काढली, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. सुप्रीम कोर्टाने उगाच सोडलं नाही.

पेठकर६२
सात माणसं मारायला वय आडवं आलं नाही ते बरं शिक्षेलाच आडवं येतं. तुम्हा वकिलांना ती पोरं दिसतच नाहीत.

अॅड_मृणाल
तोंड सांभाळून बोला काका. वय वेळेवर नीट तपासलं असतं तर हा प्रश्न तेव्हाच सुटला असता. त्याचा राग मलाही येतो, पण तो कोर्टावर काढून काय उपयोग?

दीपा_सांगली
तुम्ही फाशीवरून भांडताय, मी सांगते घरच्यांचं काय होतं. माझ्या मावसबहिणीच्या सासरी असंच झालं, जावेच्या नवऱ्याने बायको आणि दोन्ही मुलांना मारलं. दहावा व्हायच्या आधी एक चॅनलवाला कॅमेरा घेऊन दारात. बाहेरच्या स्टँडवर धाकट्याच्या शाळेच्या बुटांचा जोड होता, एकाची लेस सुटलेली, त्याच्यावर झूम केलं त्याने. आजही तो व्हिडिओ कोणीतरी फॉरवर्ड करतं आणि बहिणीच्या सासूबाई जेवत नाहीत. निखिल, तुम्ही कितीही अभ्यास केला असेल, नातीवरचा तो भाग तिच्या घरचं कोणी वाचत असेल असं धरून लिहिला होतात का?

निखिल_जे
नव्हता. पण पन्नास वर्षं होत आली, सगळं कोर्टाच्या कागदांत आहे, मी पदरचं काही घातलेलं नाही.

स्वाती_एरंडवणे
कोर्टाला ते लागतं, शिक्षा द्यायची असते. तुम्हाला कशाला हवं? त्या चौघांतल्या मुनव्वर शाहने तर तुरुंगात बसून आत्मकथन लिहिलं, त्याची बाजू मांडून झाली. साकूबाईंच्या बाजूने कोण लिहिणार?

निखिल_जे
ठीक आहे, ते दोन परिच्छेद काढतो. दीपाताईंसाठी काढतोय, तुमचा मुद्दा पटलाय म्हणून नाही. जक्कलवरचा भाग राहणार. साकूबाईंबद्दल छापील काही सापडत नाही, कोणाकडे असेल तर द्या, घालतो.

पेठकर६२
आणि राठी?

अॅड_मृणाल
वेगळा धागा काढा, येते मी तिथे.