मदत हवी आहे: सहकाऱ्याच्या वर्गाचं निरीक्षण कसं करावं?

नमस्कार. जत तालुक्यात, कर्नाटक सीमेकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी जूनपासून प्रभारी मुख्याध्यापिका आहे. पहिली ते पाचवी, पट ७८, मला धरून तीन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (२००९) पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक १५० च्या वर पट असेल तरच, त्यामुळे पहिली-दुसरीचा वर्गही माझ्याकडेच. पदभार खरं तर आमच्या ज्येष्ठ गुरुजींकडे जायचा होता. त्यांनी लेखी नकार दिला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.

तिसरी-चौथी गुरुजींकडे आहे. पाठाचं टाचण (काय, कसं शिकवणार याची लेखी तयारी) कधी चुकत नाही, दर सोमवारी मी सही करते. पण संकलित चाचणीआधी तिसरीच्या मुलांना एकेकाला व्हरांड्यात बोलावून एक उतारा वाचायला दिला. विहिरीवर पाणी भरायला गेलेल्या मुलीची छोटी गोष्ट. सोळापैकी सहा मुलांनी न अडखळता वाचला, पण काय झालं ते एकालाही सांगता येईना. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीपर्यंत समजून वाचणं अपेक्षित आहे. ही मुलं नोंदीत 'वाचन येते' अशीच लागली असती.

मग एक तास त्यांच्या वर्गात मागे, मुलांच्या ओळीत सतरंजीवर बसले. गुरुजी मनापासून शिकवतात, हे आधी सांगते. पण प्रश्न आला की पुढची तीन मुलं उत्तर देतात आणि बाकीची शेवटचा शब्द एका सुरात ओढतात. फळ्याजवळून ऐकलं तर सगळा वर्ग बोलतोय असंच वाटतं. शेजारचा मुलगा तासभर फक्त फळ्यावरचं उतरवत होता. माझ्याही वर्गात हे होत असणार, मला ते पुढून दिसत नाही एवढंच.

मधल्या सुट्टीत गुरुजींना सांगितलं. "मॅडम, तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून कामापुरतं बोलणं. मला त्यांचा मान ठेवायचा आहे आणि त्या सहा मुलांना असंच चौथीत पाठवायचंही नाही. हे कसं बोलावं? लॉगबुकात, म्हणजे वर्गनिरीक्षणाच्या नोंदवहीत, काय लिहावं? मी दुसऱ्या वर्गात बसले तर माझी चिल्लीपिल्ली कुणी सांभाळायची? आणि अशा निरीक्षणानं मुलांच्या शिकण्यात फरक पडलेला कुणी पाहिलाय का?

प्रतिसाद (निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा)

मॅडम, फरक पडतो, पण दुसऱ्यांदा गेलात तर. मी सुरुवातीची काही वर्षं शेरे लिहून निघून यायचो, पुढच्या भेटीत तेच शेरे पुन्हा लिहायचो. आठ दिवसांनी त्याच सहा मुलांसाठी परत बसा. वीस मिनिटं पुरतात, तेवढा वेळ तुमचा वर्ग पाचवीच्या मुलांसोबत गोष्टी वाचायला बसवा. लॉगबुकात गुरुजींबद्दल आत्ता काही लिहू नका. साध्या कागदावर दोन मुलांनी त्या वेळात काय केलं तेवढंच टिपा आणि कागद गुरुजींकडेच द्या.

आमच्या साताऱ्याकडचं कुमठे बीट (बीट म्हणजे शाळांचा गट) पाहायला राज्यभरातून शिक्षक यायचे. तिथं मुलं जमिनीवर आखलेल्या साहित्यावर काम करायची, त्यामुळे कोण कुठं अडलंय ते उभ्या उभ्या दिसायचं. निरीक्षणात मूल दिसायला हवं.

आणि सगळ्यात आधी गुरुजींना तुमच्या वर्गात बोलवा. ते मोठे आहेत, पहिलं निरीक्षण त्यांना करू द्या.

धागाकर्ती

सर, बोलावलं. गुरुजी अर्धा तास माझ्या दुसरीत बसले. तास संपल्यावर म्हणाले, डावीकडच्या दोघी तुमचं ऐकतात, पण त्यांना कळत नाही, घरी कन्नड बोलतात त्या. मग आपणहून तिसरीतल्या त्या सहांपैकी एकीला हाक मारली. विहीर म्हणजे काय विचारल्यावर ती गप्प. गुरुजींनी 'बावी' म्हटल्याबरोबर तिनं अख्खी गोष्ट कन्नडमध्ये सांगितली. सहापैकी चौघांच्या घरी कन्नड आहे. वर्गात मराठीच बोलायचं, असा नियम गुरुजींनी स्वतःलाच घालून घेतला होता.

काल आम्ही दोघांनी मिळून उताऱ्यातल्या तीस शब्दांची मराठी-कन्नड यादी केली. पुढच्या मंगळवारी मी परत बसणार आहे, या वेळी त्यांनीच बोलावलंय. उरलेल्या दोघांचं मात्र अजून उलगडलेलं नाही, त्यांच्या घरी मराठीच आहे. सीमाभागातल्या कुणी पहिली ते तिसरीसाठी अशी शब्दयादी केली असेल तर कृपया इथं द्या.