शब्दचर्चा : कॅनडाच्या बांधकाम कायद्यातला ‘लिएन’, धारणाधिकार की बोजा?

प्रश्न (मिसिसॉगा)

नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ इथे टाइल्स बसवायची कामं घेतो, बहुतेक वेळा मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली. बोलण्यापुरतं इंग्रजी त्याला येतं, पण कायद्याचा कागद आला की तो माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी एका कामाचे पैसे अडकले, तेव्हा इथल्या ऑन्टारिओ प्रांताच्या कन्स्ट्रक्शन अ‍ॅक्टमधली (बांधकाम कायद्यातली) माहिती मी त्याला मराठीत लिहून दिली. ‘लिएन’साठी, म्हणजे केलेल्या कामाचे पैसे थकले तर मिळणाऱ्या कायदेशीर हक्कासाठी, कोशात ‘धारणाधिकार’ सापडला, तोच वापरला.

दादाने सरळ अर्थ लावला. धारण म्हणजे ताब्यात ठेवणं, तेव्हा पैसे मिळेपर्यंत बेसमेंटची किल्ली द्यायची नाही. तीन आठवडे तो किल्ली घेऊन बसला. उरलेल्या टाइल्सची खोकीही उचलून घरी आणली. या कायद्यात किल्लीला काहीच अर्थ नाही, आणि हक्क नोंदवायची 60 दिवसांची मुदत तिकडे संपत चालली होती. 52व्या दिवशी वकिलाकडे पोचलो म्हणून हक्क वाचला. तेव्हापासून हा शब्द मला टोचतोय. दुसरा कोणता वापरावा?

प्रतिसाद (नाशिक)

ताई, शब्द खोटा नाही, तो दुसऱ्या लिएनचा आहे. आपल्या 1872च्या करार कायद्यात घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत घड्याळ ठेवून घेता येतं. बँकेलाही तसा हक्क आहे. तिथे ‘धारणाधिकार’ चपखल बसतो, कारण वस्तू हातात असते. सरकारी नोकरीत मूळ पदावर राहतो तोही धारणाधिकारच.

तुमच्या भावाच्या हातात काय आहे? टाइल भिंतीला चिकटली की ती घराची झाली, खरवडून नेता येत नाही. म्हणून कायदा त्याच्या मजुरीचं वजन त्या जमिनीवर आणि घरावर टाकतो. ताबा मालकाचाच राहतो. याला आपल्याकडे खेड्यातला माणूससुद्धा वापरतो तो शब्द आहे : बोजा. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, बँकेचा असतो. कर्ज घेतलं की बोजा चढतो, फिटलं की उतरतो. मी तीस वर्षं महसुलाचे कागद वाचतोय. ‘बोजा’ या शब्दाने कुणाचा घोटाळा झालेला पाहिला नाही.

प्रतिसाद (टोरोंटो)

पूर्ण सहमत. मी इथे वकिलाच्या कार्यालयात काम करते. ‘बोजा’ घेतला की पुढची क्रियापदंही आपोआप मराठी होतात, हा मोठाच फायदा.

कायद्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली ‘प्रिझर्व्ह’ : आपला दावा जमिनीच्या नोंदीवर चढवायचा. हाताखालच्या कंत्राटदाराला त्यासाठी साधारणपणे त्याच्या शेवटच्या कामापासून 60 दिवस मिळतात. दुसरी ‘परफेक्ट’ : पुढच्या 90 दिवसांत कोर्टात दावा लावून त्याचा दाखला त्याच नोंदीवर आणायचा. एका माहितीपत्रकात मी ‘धारणाधिकार जतन करणे’ आणि ‘परिपूर्ण करणे’ असं वाचलं होतं. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? मी अशिलांना सांगते, आधी बोजा चढवा, मग पक्का करा. फेरफाराची नोंद आधी धरतात आणि नंतर प्रमाणित होते, तसंच. पक्का केला नाही तर तो गळून पडतो.

‘व्हेकेट’चंही, म्हणजे बोजा उतरवण्याचंही, तेच. मालकाला घर मोकळं हवं असेल तर तो दाव्याची रक्कम आणि खर्चापोटी तिच्या 25 टक्के (पण जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर) कोर्टात भरतो किंवा तेवढ्याचा बाँड देतो. बोजा घरावरून उतरतो आणि त्या पैशावर बसतो.

प्रतिसाद (पुणे)

‘बोजा’ फार व्यापक आहे. गहाणाचाही बोजा, कोर्टाच्या जप्तीचाही बोजा. वेगळेपण दाखवायला हवं. पण कुणी ‘कामाचा बोजा’ सुचवू नये, तो ऑफिसातला झाला! ‘बांधकाम-बोजा’ कसा वाटतो?

आणि एक शंका. काम नगरपालिकेच्या रस्त्याचं असेल तर? सरकारी जमिनीवर तो चढत नाही ना?

प्रतिसाद (टोरोंटो)

‘बांधकाम-बोजा’ मला आवडला. पहिल्यांदा तो लिहावा, कंसात लिएन, पुढे नुसता ‘बोजा’.

शंका बरोबर आहे. सरकारी किंवा नगरपालिकेच्या जमिनीवर तो बसत नाही, मालकाने हातात राखलेल्या पैशावर बसतो. म्हणजे शब्द तिथेही टिकतो, ‘धारणाधिकार’ तिथेही पडतो.

त्या राखलेल्या पैशाबद्दल, म्हणजे ‘होल्डबॅक’बद्दल, सांगायलाच हवं. प्रत्येक बिलातून 10 टक्के मागे ठेवावे लागतात. बरेच मराठी लोक त्याला ‘सुरक्षा अनामत’ म्हणतात, आणि ते दिशाभूल करणारं आहे. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामात अनामत कापतात ती काम खराब निघालं तर म्हणून. इथले 10 टक्के ठेवतात ते हाताखालच्या लोकांची मजुरी बुडू नये म्हणून. ते टाइलवाल्याच्या बाजूने उभे आहेत, त्याच्या विरुद्ध नाहीत. मी ‘राखलेले 10 टक्के’ एवढंच लिहिते.

प्रतिसाद (मॉन्ट्रियल)

क्युबेकमध्ये ‘लिएन’ शब्दच नाही. इथल्या दिवाणी संहितेत बांधकामात हातभार लावणाऱ्यांना ‘कायदेशीर हायपोथेक’ मिळतो. तो आपल्या गहाणाच्या जवळचा, फक्त मालकाने लिहून न देता कायद्यानेच जन्मलेला. काम पूर्ण झाल्यापासून 30 दिवसांत नोंद करावी लागते, म्हणून ऑन्टारिओचे 60 दिवस धरून बसू नका.

प्रतिसाद (मिसिसॉगा)

सगळ्यांचे मनापासून आभार. दादासाठी नवा कागद लिहिला, तो असा :

‘तू ज्या घरात काम केलंस त्या घरावर तुझ्या मजुरीचा बांधकाम-बोजा (लिएन) चढवता येतो. किल्ली, सामान अडवून ठेवू नकोस. शेवटचा दिवस काम केलंस त्याची तारीख वहीत लिही. तिथून 60 दिवसांत बोजा चढव, पुढच्या 90 दिवसांत दावा लावून पक्का कर.’

काल रात्री त्याला वाचून दाखवला. शांतपणे ऐकून म्हणाला, “म्हणजे त्यांनी घर विकायला काढलं, तर घेणाऱ्याला माझं नाव दिसेल ना?”

“दिसेल, दादा.”

मग त्याने वही मागितली आणि सध्याच्या कामाची तारीख लिहिली.