साहेबांनी काम कमी केलं, असं कधी झालंय?

काम वाढवणारे साहेब सगळ्यांनाच भेटतात. काम काढून टाकणारे कुणाला भेटले का? बडोदेकरांनो, लिहा. उपदेश नकोत, काय बंद झालं आणि कोण रुसलं, तेही सांगा.

मकरपुऱ्याचा जुना गडी: जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्हचा कारखाना, मी क्वालिटीत. रोज 9 रजिस्टरं भरायची, प्रत्येकाचा रिपोर्ट वर पाठवायचा. नवे मॅनेजर आले, त्यांनी आधी स्वतःची शनिवारची आढावा मीटिंग बंद केली. मग म्हणाले, "सोमवारपासून रिपोर्ट पाठवू नका. जो मागेल त्याला द्या." महिनाभरात दोघांनीच मागितले. हायड्रो टेस्टच्या, म्हणजे पाण्याच्या दाबाखालच्या चाचणीच्या, नोंदींना अर्थात हात लावला नाही, गिऱ्हाईक माल उचलताना तेच कागद बघतं. बाकीचं बंद. भांडलं कोण? मीच! स्टोअरमधल्या दमटपणाचं रजिस्टर मी आखलेलं, लाल शाईच्या रेघा मारून. साहेबांनी शांतपणे विचारलं, "यातला आकडा बघून शेवटचं काय बदललंत?" आठवेना.

दोनअंकी: अलकापुरीत सॉफ्टवेअर. आमच्या टीम लीडना सगळे ताईच म्हणतात. त्यांनी फळ्यावर लिटलचा नियम मांडला, रांगांच्या गणितातला, 1961 मध्ये सिद्ध झालेला. हातात 12 कामं, आठवड्याला संपतात 3, म्हणजे एकेक काम सरासरी 4 आठवडे अडकणार. एका वेळी 6 च कामं, असं ठरलं. नवं काम आलं की ताई विचारायच्या, "घेते की. मग यातलं कुठलं खाली ठेवू?" हे त्या वरच्यांना विचारायच्या, आम्हाला नाही. म्हणून तर टिकलं.

दांडियाबाजार: आमच्या गणेश मंडळाचे 10 दिवसांतले 14 कार्यक्रम अध्यक्षांनी 5 वर आणले. रात्री मंडपात निवांत बसता येऊ लागलं. पण पाककृती स्पर्धा गेली, तेव्हापासून आत्या आरतीलाही येत नाही.

अर्धा चहा: आमच्याकडेही "काम हलकं करू" म्हणाले होते. काम तेवढंच राहिलं, माणसं हलवली.

संस्थानी: सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये आधी अमरेली भागात करून बघितलं, राज्यभर नेलं ते 1906 मध्ये. आमच्या ऑफिसात प्रत्येक फतवा पहिल्याच सोमवारी सगळ्या शाखांना!

दोनअंकी: मकरपुरावाले काका, ते लाल रेघांचं रजिस्टर आता कुठंय?

मकरपुऱ्याचा जुना गडी: माझ्या कपाटात. रद्दीत घालायला हात धजत नाही.