मदत हवी आहे: कोरियन हॉटेलातलं पानात गुंडाळून खायचं पोर्क घरी कसं करायचं?

निवडुंग
कोरियन हॉटेलात पानात गुंडाळून खायची पोर्कची ती डिश मिळते ना, पुण्यात तिची प्लेट १८०० च्या घरात जाते. तेवढ्यात घरी तीन किलो मांस येतं. पण घरी केलं की चोथट होतं, कापताना भुगा पडतो आणि एक उग्र वास राहतो. शनिवारी सहा माणसं जेवायला आहेत. नेमकं काय चुकतंय? व्हिडिओंच्या लिंका नकोत, पाहून झाल्यात.

गवतीचहा
कुठली डिश? पानात ते बरंच काही गुंडाळतात. टेबलावर भाजलेले पट्टे असतील तर साम्ग्योप्साल, लाल तिखट परतलेलं असेल तर जेयुक बोक्कुम, उकडलेले काप असतील तर बोस्साम. तिन्हींच्या कृती वेगळ्या.

निवडुंग
उकडलेलं. सोबत मुळ्याचा लाल प्रकार आणि बारीक खारट कोळंबीची वाटी असते.

खलबत्ता
म्हणजे बोस्साम. आता हे सांगा: भाग कुठला, अख्खा की तुकडे, कशात शिजवलं आणि किती वेळ?

भाऊचा_धक्का
ओव्हन असेल तर खांद्याला मीठ-साखर चोळून रात्रभर ठेवा आणि मंद आचेवर ६ तास भाजा. बोटाने सुटतं.

गवतीचहा
ते अमेरिकेतल्या हॉटेलांनी रुळवलेलं रूप, भाऊ. नाव तेच, पदार्थ वेगळा. त्यांनी उकडलेलं विचारलंय.

निवडुंग
साधं पोर्क, दुकानदार तुकडे करूनच देतो. कुकर, ५ शिट्ट्या. मसाल्याचं सांगा ना कुणीतरी.

खलबत्ता
मसाल्याने हे सुटणार नाही. कुकरात पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. छोट्या तुकड्यांतले स्नायूंचे धागे आवळून रस पिळून टाकतात, आणि त्यांना धरून ठेवणारं कोलॅजन विरघळून जातं. म्हणून मांस कोरडंही लागतं आणि भुगाही होतो.

दुकानात "बेली (पोटाचा चरबीचे थर असलेला भाग), न चिरता" असं स्पष्ट सांगा. सहा जणांना दीड किलो, साधारण ३ इंच रुंदीचे लांब पट्टे. बेली नसेल तर चरबीच्या रेषा असलेला खांदा. मांडी नको, ती कोरडीच होते.

पट्टे उकळत्या पाण्यात ५ मिनिटं टाका, ते पाणी फेका, मांस धुवा. मग नव्या पाण्यात, मांस बुडेल इतकं: २ मोठे चमचे द्वेनजांग (त्यांची आंबवलेली सोयाबीनची पेस्ट), १ कांदा, पातीच्या कांद्याचे ४-५ पांढरे बुडखे, १० लसूण पाकळ्या, इंचभर आलं, १ लहान चमचा मिरे, २ तमालपत्रं, १ लहान चमचा इन्स्टंट कॉफी. पाणी उकळलं की मांस सोडा. १० मिनिटं मोठ्या आचेवर उघडंच, मग झाकण तिरपं ठेवून ५० मिनिटं मंद. पाणी नुसतं हलत राहिलं पाहिजे, खळखळायला नको. सुरी सहज आत गेली की गॅस बंद, १५ मिनिटं त्याच पाण्यात राहू द्या. गरमागरम कापलं की काप तुटतात. धाग्यांना आडवं, अर्ध्या सेंटिमीटरचे काप.

भाऊचा_धक्का
कुकरला उगाच झोडपताय. अख्खा पट्टा, एक शिट्टी, मंद आचेवर २० मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. गॅस निम्मा लागतो.

खलबत्ता
अख्ख्या पट्ट्याला चालेल. शिट्टी उचलून वाफ मात्र काढू नका, आतलं पाणी एकदम उसळून थर सुटतात. पण मध्येच सुरी घालून बघता येत नाही, म्हणून पाहुण्यांच्या दिवशी पातेलंच.

पाणकोंबडी
वासासाठी गोव्याचं व्हिनेगर घाला. सोरपोतेल (तिथला पोर्कचा पदार्थ) तीन दिवस टिकतं ते त्यामुळेच.

गवतीचहा
बोस्सामची गंमत मांसाच्या गोडसर चवीत आहे, व्हिनेगर ती मारतं. वास नुसता रक्ताचा असेल तर पहिलं पाणी फेकल्यावर जातो. लघवीसारखा येत असेल तर तो खच्ची न केलेल्या नराचा. तो चरबीतच असतो, कॉफी-द्वेनजांगने जात नाही. दुकान बदला.

रानमेवा
किमची (त्यांचं तिखट कोबीचं लोणचं) घरी करायची तर २ किलो चायनीज कोबी घेऊन...

निवडुंग
किमची विकत आणतोय. मुळा आणि कोळंबी सांगा. ती खारट कोळंबी कुठेच मिळत नाही.

पाणकोंबडी
सुका जवळा भाजून ठेवा. आपलं कोकण असताना कोरियाकडे कशाला बघायचं?

गवतीचहा
जवळा वाळवलेला, तर सेउजोत, म्हणजे ती खारट कोळंबी, मिठात मुरवलेली. भाजला की कुरकुरीत चटणीची चव येते. त्यापेक्षा १ मोठा चमचा जवळा नुसता गरम करून, १ मोठा चमचा फिश सॉस आणि तितक्याच पाण्यात अर्धा तास भिजवा. वर चिमूटभर तिखट आणि तीळ. हुबेहूब नाही, पण काम तेच करतं.

मुळा: अर्धा किलो, काडेपेटीच्या काड्यांच्या दुप्पट जाड. दीड लहान चमचा मीठ, २ मोठे चमचे साखर लावून ४० मिनिटं. मग दोन्ही हातांनी घट्ट पिळा. इथे कसर केली तर ताटात पाणी सुटतं. २ मोठे चमचे तिखट, १ मोठा चमचा फिश सॉस, २ ठेचलेल्या लसूण पाकळ्या. तिखट बिया काढलेल्या ब्याडगीचं, जाडसर वाटलेलं. घरचं रोजचं लवंगी तिखट घातलंत तर कुणाला खाता येणार नाही.

रानमेवा
नोव्हेंबरअखेरीला घरोघर किमची घालतात, किमजांग, त्या दिवशी ताज्या किमचीबरोबर हेच खातात. २०१३ मध्ये किमजांग युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. म्हणून बोस्सामला ताजी किमची हवी, आंबलेली नको.

निवडुंग
द्वेनजांग नसेल तर? आणि पानं?

खलबत्ता
मिसो (जपानी सोयाबीनची पेस्ट) चालतो, तेवढाच. तोही नसेल तर २ मोठे चमचे सोया सॉस. चायनीज कोबीची आतली पिवळी पानं २ मोठे चमचे मीठ घातलेल्या लिटरभर पाण्यात तासभर बुडवा, न मोडता वाकायला लागली की धुऊन निथळा. साधा कोबी मिळाला तर पानं मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढा. आणि मांस शुक्रवारी शिजवून ठेवू नका. फ्रिजमध्ये चरबी घट्ट होते; वाफवून परत मऊ होते, पण ताज्याची सर नाही. आठला जेवण असेल तर साडेसहाला पातेलं चढवा.